जुन्या जिप्सीचा श्वास

१९८५ साली मारुतीने जिप्सी बाजारात आणली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली ९७० सीसीचे पेट्रोल इंजिन होते आणि ते ४५ अश्वशक्ती देत होते. १९९६ मध्ये ‘जिप्सी किंग’ आली. इंजिन १२९८ सीसीचे झाले आणि ताकद ६० अश्वशक्तीवर गेली. २००० साली कंपनीने इंजिनाचे आकारमान तेवढेच ठेवले आणि त्यातूनच ८० अश्वशक्ती काढली. हे तीन आकडे लिटरच्या हिशेबाने मांडून पाहावेत. पहिले इंजिन लिटरमागे सुमारे ४६ अश्वशक्ती देते, दुसरेही ४६ च देते, तिसरे मात्र जवळजवळ ६२ देते. १९९६ ची वाढ इंजिन मोठे केल्याची होती. मग २००० ची वाढ कशाची?

सिलिंडरचा व्यास ७४ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर, हे दोन्ही होते तसेच राहिले. बदलले ते इंजिनाचे हेड. आधी प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह होते, एक हवा आत घेणारा आणि एक धूर बाहेर सोडणारा. ते आता चार झाले. कार्बुरेटर गेला आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोल फवारणारी एमपीएफआय प्रणाली आली. याच मापाचे इंजिन सुझुकीने परदेशातल्या ‘स्विफ्ट जीटीआय’मध्ये १६ व्हॉल्व्ह आणि दोन कॅमशाफ्ट घालून वापरले, तेव्हा त्यातून १०० अश्वशक्तीच्या आसपास ताकद निघाली. आकारमान एकच, ताकद मात्र ६०, ८० आणि १००. इंजिनाला जितका मोकळा श्वास मिळाला तितके ते जोरात धावले.

जिप्सीचे उत्पादन थांबून आता बरीच वर्षे झाली, तरी ताडोबा-पेंचच्या सफारीत, सरकारी ताफ्यांत आणि पावसाळ्यात सह्याद्रीतल्या चिखलवाटा तुडवणाऱ्या हौशी मंडळींकडे ती अजून पळते आहे. तिच्या मालकाची तक्रार ठरलेली असते: “घाटात पिकअपच नाही हो.” त्यावर गॅरेजचे उत्तरही ठरलेले असते: उघडा कोन फिल्टर, नवा हेडर (म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी येणारा वेगळ्या नळ्यांचा संच) आणि फ्री-फ्लो सायलेन्सर. हे तीन भाग खरेच काही देतात का, देत असतील तर किती, आणि त्यासाठी काय मोजावे लागते, ते या प्रकरणात पाहू.

हवेचा हिशेब

चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपले पूर्ण आकारमान भरून हवा ओढते. १२९८ सीसीचे इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्या घेत असेल, तर कागदावर ते दर मिनिटाला सुमारे २६०० लिटर हवा ओढायला हवे. प्रत्यक्षात एवढी हवा आत येत नाही. फिल्टरमधून जाताना, कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना, मॅनिफोल्डच्या वळणांवर आणि शेवटी व्हॉल्व्हच्या फटीतून शिरताना तिचा दाब थोडा थोडा पडत जातो. मागच्या फेरीतला धूर पुरता बाहेर गेला नसेल, तर तोही सिलिंडरमध्ये जागा अडवून बसतो. त्यामुळे जुने आठ व्हॉल्व्हचे इंजिन आकारमानाच्या पाऊणपट किंवा त्याहून थोडी जास्त हवा भरते. २६०० तले २००० लिटर आत गेले असे धरू. त्या हवेचे वजन साधारण २.४ किलो होते.

पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. म्हणजे त्या एका मिनिटात जास्तीत जास्त १६० ते १६५ ग्रॅम पेट्रोल नीट जळू शकते. त्याहून जास्त पेट्रोल टाकणे अवघड नाही, मोठा जेट बसवला की झाले. पण त्या पेट्रोलला हवा मिळाली नाही, तर ते काळा धूर होऊन मागून निघून जाते. ताकदीला मर्यादा पडते ती हवेची.

ही मर्यादा निसर्गही रोज बदलतो. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास १५ टक्के कमी असतो. कोकणातून पोलादपूरमार्गे वर चढणारी गाडी शेवटच्या वळणांवर सुस्तावते, त्यात चढाचा वाटा मोठा असला तरी विरळ हवेचाही असतो. लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीत, ५३५९ मीटरवर, दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. ८० अश्वशक्तीची जिप्सी तिथे ४० च्या आसपास उरते, आणि कोणताही फिल्टर किंवा सायलेन्सर ती गेलेली ताकद परत आणू शकत नाही.

तापमानाचेही तसेच आहे. ३० अंशांची हवा ६० अंशांपर्यंत तापली की तिची घनता ९ टक्क्यांनी घटते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

आधी हरवलेली ताकद शोधा

वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या गाडीला सुरुवातीची ८० अश्वशक्ती आज मिळत नसते. त्यातली काही वाटेत हरवलेली असते आणि ती परत मिळवायला नवे भाग लागत नाहीत.

पहिली तपासणी इतकी साधी आहे की ती बहुतेक जण करतच नाहीत. बॉनेट उघडून एकाने इंजिनाशी उभे राहावे, दुसऱ्याने इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा. थ्रॉटलची चकती पूर्ण उघडते का ते पाहावे. जुन्या गाडीत केबल ताणलेली असते, पेडल वाकलेले असते किंवा त्याखाली जाड मॅट आलेली असते, आणि चकती पाऊणच उघडते. असे असेल तर केबलचा नट फिरवून जे मिळते, ते हजारो रुपयांच्या हेडरनेही मिळणार नाही.

त्यानंतर कम्प्रेशन मोजावे. चारही सिलिंडरचा दाब एकसारखा हवा. एखादा फार खाली असेल तर रिंगा झिजल्या आहेत किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, असे समजावे. अशा इंजिनावर बाहेरून काहीही लावणे वाया जाते. टॅपेटचे गॅप, इग्निशनचे टायमिंग, प्लग आणि वायरी हे सगळे कंपनीच्या पुस्तकातल्या मापावर आणावे. टायमिंग बेल्ट बदलताना एक दात इकडेतिकडे बसला असेल तर गाडी चालते, पण तिच्यात जीव राहत नाही. इनटेक मॅनिफोल्डचे पॅकिंग फुटले असेल तर तिथून बिनमोजणीची हवा आत शिरते आणि मिश्रण बिघडते. इंजिन थंड असताना सुरू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्यांजवळ कान द्यावा. तिथून येणारी ‘टिक-टिक’ बऱ्याचदा टॅपेटची नसून तडकलेल्या मॅनिफोल्डची किंवा जळलेल्या पॅकिंगची असते.

एवढे झाल्यावरही गाडी दमत असेल, तर अडथळा हवेच्या वाटेत आहे का हे पाहायचे. त्याचे उत्तर अंदाजाने न देता मोजून देता येते.

पाण्याची नळी

त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पारदर्शक प्लास्टिकची नळी पुरते. दोन-अडीच मीटर नळी घेऊन तिचा खालचा भाग यू आकारात एका पट्टीवर बांधावा आणि तिच्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. नळीचे एक टोक फिल्टर आणि कार्बुरेटर यांच्यामधल्या हवेच्या डक्टला छोटे भोक पाडून घट्ट जोडावे, दुसरे गाडीत उघडे ठेवावे. इंजिन बंद असताना दोन्ही बाजूंचे पाणी एका पातळीवर असते. आता मोकळ्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि शेजारी बसलेल्याने दोन पातळ्यांमधला फरक पाहायचा. नळीची उंची भरपूर ठेवावी, नाहीतर पाणी ओढले जाऊन थेट इंजिनात जाईल.

वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणून नळीत १० सेंटिमीटरचा फरक दिसला, तर फिल्टरपर्यंतच्या वाटेत हवेचा साधारण १ टक्का दाब वाया जातो आहे, आणि ताकदही जवळपास तेवढीच. समजा फरक ८ सेंटिमीटर आला. मग त्या जागी जगातला सगळ्यात मोकळा फिल्टर लावला, तरी ८० अश्वशक्तीत पाऊण अश्वशक्तीचीही भर पडणार नाही. फरक ४० सेंटिमीटर आला, तर मात्र ४ टक्के ताकद तिथे अडकली आहे आणि ती सोडवण्यासारखी आहे.

याच नळीने अडथळ्याची जागाही सापडते. फिल्टर काढून पुन्हा मोजावे. फरक बराच घटला तर दोष फिल्टरचा आहे आणि नवा कागदी फिल्टर पुरेसा आहे. फारसा घटला नाही, तर फिल्टरच्या डब्याचे तोंड, चेपलेला डक्ट किंवा कुणीतरी नंतर बसवलेला अरुंद स्नॉर्कल यांकडे पाहावे. फिल्टरशिवाय गाडी फक्त या चाचणीपुरती, धूळ नसलेल्या डांबरी रस्त्यावरच चालवायची.

उघड्या फिल्टरचा व्यवहार

कोन फिल्टर लावल्यावर गाडी बदलल्यासारखी वाटते, हे खरे आहे. त्याचे पहिले कारण आवाज. कंपनीचा डबा हवा ओढण्याचा घोगरा आवाज दाबतो. डबा काढला की तो आवाज थेट कानावर येतो आणि गाडी जोरात निघाली असे वाटते. घड्याळ लावून पाहिले की फरक बहुधा सापडत नाही.

त्यात उघडा कोन बॉनेटखालची हवा ओढतो. डांबरी रस्त्यावर ८० च्या वेगात समोरून ताजी हवा आत येत राहते, पण दगडगोट्यांच्या वाटेवर, लो रेंजमध्ये ताशी पाच किलोमीटरने सरकणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली रेडिएटरची आणि मॅनिफोल्डची सगळी उष्णता कोंडते. तिथली हवा बाहेरच्यापेक्षा ३० अंशांनी तापली, तर आधी पाहिलेली ९ टक्के घनता गेली. फिल्टर मोकळा करून एखादा टक्का कमावला आणि तापलेल्या हवेत त्याच्या कितीतरी पट घालवला, असा हा व्यवहार होतो. म्हणून हवेचे तोंड बॉनेटच्या बाहेर, थंड जागी ठेवणे हे फिल्टरच्या प्रकारापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे.

धुळीचा प्रश्न त्याहून मोठा. ताडोबाच्या उन्हाळ्यात पुढच्या जिप्सीने उडवलेली धूळ मागची जिप्सी तासन्‌तास खात असते. कोकणातली तांबडी माती आणखी बारीक. तेल लावलेले सुती जाळीचे फिल्टर हवा सहज सोडतात, पण चांगला कागदी फिल्टर सहसा त्यांच्यापेक्षा बारीक धूळ अडवतो. फिल्टर चुकवून आत गेलेली धूळ तेलात मिसळते, रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासते, आणि काही हंगामांत कम्प्रेशन उतरते. आपला फिल्टर काय करतो आहे हे पाहायचे असेल, तर फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या डक्टमध्ये आत बोटभर ग्रीस फासावे आणि एका धुळीच्या फेरीनंतर ते पांढऱ्या फडक्याने पुसावे. फडक्यावर खर लागली, तर धूळ आत जाते आहे.

स्नॉर्कलबद्दलही गैरसमज आहेत. तो ताकद वाढवायला नसतो. छताच्या उंचीवरची थंड आणि त्यातल्या त्यात स्वच्छ हवा घेणे आणि ओढ्यात पाणी आत जाऊ न देणे, ही त्याची कामे. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये भरले आणि पिस्टन वर आला, की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन तिथेच संपते. पण स्नॉर्कल लावून फिल्टरच्या डब्याचा एक सांधाही उघडा राहिला, तर त्याचा उपयोग शून्य. डब्याच्या तळाशी पाणी निचरण्याचे भोक असते, त्याला एकाच बाजूने उघडणारा रबरी व्हॉल्व्ह हवा. कार्बुरेटरवाल्या जिप्सीत डिस्ट्रिब्युटरही भिजू न देण्याची सोय करावी लागते, नाहीतर इंजिन कोरडे राहूनही गाडी पाण्यात बंद पडते.

धुराची वाट

एक्झॉस्टच्या बाबतीत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, पाइप जितका मोठा तितकी ताकद जास्त. दुसरे म्हणते, इंजिनाला थोडा बॅक प्रेशर हवाच. दोन्ही अर्धवट आहेत. उलट दाब कोणत्याच इंजिनाला नको असतो. हवा असतो तो धुराचा वेग.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की तापलेला धूर एका ठोक्यासारखा पाइपात शिरतो. तो वेगाने पुढे गेला की त्याच्या मागे क्षणभर दाब घटतो. त्या क्षणी दुसऱ्या एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असेल, तर त्यातला उरलेला धूर आपोआप ओढला जातो आणि ताज्या हवेला जागा होते. हेडरचे सगळे गणित या ओढीचे आहे. पाइप फार रुंद केला तर धुराचा वेग पडतो आणि ही ओढ कमी फेऱ्यांवर नाहीशी होते. वर, ५००० फेऱ्यांच्या पुढे, गाडी मोकळी वाटते, पण खाली, जिथे चढावर खरी गरज असते तिथे, ती आधीपेक्षा मरगळते. अशा गाडीचा मालक म्हणतो की बॅक प्रेशर गेल्यामुळे पिकअप गेला. प्रत्यक्षात गेलेला असतो तो वेग. ८० अश्वशक्तीच्या जिप्सीला दीड ते पावणेदोन इंची पाइप पुरतो. अडीच इंची पाइप तिच्या दुप्पट ताकदीच्या इंजिनाचा आहे.

या इंजिनाचे सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. त्यात १ आणि ४, तसेच २ आणि ३ हे एकमेकांपासून बरोबर एका फेरीच्या अंतरावर येतात. ‘चार-दोन-एक’ प्रकारच्या हेडरमध्ये या जोड्या आधी आपापल्या पाइपात एकत्र येतात आणि मग दोन पाइप मिळून एक होतो. त्यामुळे ठोके एकमेकांना आडवे जात नाहीत आणि मधल्या फेऱ्यांवर ओढ चांगली मिळते. ‘चार-एक’ हेडरमध्ये चारही पाइप एकदम एका ठिकाणी मिळतात. त्याचा फायदा बहुतेक वरच्या फेऱ्यांवर, म्हणजे शर्यतीत. दगडांवर चढणाऱ्या गाडीसाठी लांब आणि बेताच्या जाडीच्या नळ्यांचा चार-दोन-एक हेडर घ्यावा. सांध्यांची वेल्डिंग आतून नीट घासलेली आहे का, हे बोट फिरवून पाहावे. आत आलेली वेल्डिंगची कड अख्ख्या हेडरचा फायदा खाऊन टाकते.

हेडरची पातळ नळी कंपनीच्या ओतीव मॅनिफोल्डपेक्षा जास्त उष्णता बाहेर फेकते. पूर्ण लोडवर पेट्रोल इंजिनाच्या धुराचे तापमान ७०० ते ८०० अंश असते. ती उष्णता वायरी, ब्रेकच्या पाइपलाइन आणि पेट्रोलच्या नळीपर्यंत जाणार नाही, अशी उष्णतारोधक पत्र्याची ढाल कंपनीने दिलेली असते. हेडर बसवताना ती काढून कोपऱ्यात फेकली जाते. ती परत बसवून घ्यावी.

सायलेन्सरमध्ये मुख्य प्रकार दोन. एकात धूर वळणे घेत कप्प्यांतून जातो. दुसऱ्यात भोके पाडलेल्या सरळ नळीभोवती काचेची लोकर भरलेली असते. दुसरा जास्त मोकळा आणि जास्त बोलका. जुन्या गाडीत मात्र अडथळा बऱ्याचदा आतून सुटलेल्या पत्र्याचा किंवा तुंबलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा असतो. भारतात चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून कन्व्हर्टर सक्तीचा झाला, त्यामुळे एमपीएफआय जिप्सीला तो असतोच. ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावून २५०० फेऱ्यांवर काटा पाहावा. तो ३ पीएसआयच्या पुढे जात असेल, तर कन्व्हर्टर बदलायला हवा. कापून टाकायला नव्हे. चांगला कन्व्हर्टर एवढ्या लहान इंजिनाची ताकद फारशी खात नाही.

पेट्रोलची जुळणी

हवेची वाट बदलली की पेट्रोलचे प्रमाण पुन्हा पाहावे लागते. कार्बुरेटरचा जेट कंपनीने मूळ फिल्टर आणि मूळ एक्झॉस्ट धरून ठरवलेला असतो. हवा वाढली आणि जेट तोच राहिला, तर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि चढावर ठोके देऊ लागते. काही अंतर पूर्ण थ्रॉटलवर चालवून, इंजिन तिथेच बंद करून प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी रंग योग्य. पांढरट असेल तर मिश्रण पातळ आहे, काजळी असेल तर जड.

एमपीएफआय जिप्सी मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवते, म्हणून लहानसहान बदल ती स्वतः सांभाळून घेते. कॅमशाफ्ट बदलला किंवा हेडची वाट घासून रुंद केली, तर मात्र संगणकाचा नकाशाही बदलावा लागतो. खरी भर इथेच असते. मारुतीने ६० चे ८० केले ते हेड, व्हॉल्व्ह आणि इंधनप्रणाली एकत्र बदलून. नुसत्या फिल्टर-हेडर-सायलेन्सरने चांगल्या स्थितीतल्या इंजिनात काही टक्क्यांचीच वाढ होते.

डिझेल जीपचे शास्त्र वेगळे

महिंद्राच्या एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या रचनेवर आधारलेले २११२ सीसीचे डिझेल इंजिन होते आणि ते ६२ अश्वशक्ती देत असे. अशा साध्या डिझेलमध्ये हवा अडवायला थ्रॉटल नसतो. दर फेरीला ते मिळेल तेवढी हवा घेते आणि ताकद ठरते ती पंपाने किती डिझेल टाकले त्यावर. म्हणून नुसता फिल्टर मोकळा करून या जीपला काही मिळत नाही. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवले, तर थोडी ताकद वाढते, पण हवा संपली की पुढचे सगळे काळ्या धुरात जाते आणि पिस्टन तापतो.

या इंजिनाला हवा वाढवून देणारा खरा उपाय एकच, टर्बो. २०१० मध्ये आलेल्या थारचे २४९८ सीसीचे टर्बो डिझेल १०५ अश्वशक्ती देत होते, म्हणजे लिटरमागे एमएम ५४० च्या जवळजवळ दीडपट. पण ते इंजिन मुळातच टर्बो धरून बनवलेले होते. जुन्या इंजिनावर टर्बो चढवताना पिस्टन, हेडचे पॅकिंग, तेलाची लाइन आणि कूलिंग यांची तयारी नसेल, तर पहिल्याच मोठ्या घाटात हेड उतरवण्याची वेळ येते.

या जुन्या जीपांचा ऑइल बाथ एअर क्लीनर फेकून देऊ नये. त्यात हवा तेलाच्या थरावर आपटून एकदम वळते, धूळ तेलात पडते आणि तारेच्या जाळीतून स्वच्छ हवा पुढे जाते. त्यातले तेल खुणेपर्यंतच भरावे आणि गढूळ झाले की बदलावे. जास्त भरले तर जीप तिरकी झाल्यावर ते तेल इंजिनात ओढले जाते.

चाकाशी काय पोहोचते

जिप्सीची ८० अश्वशक्ती ६००० फेऱ्यांवर मिळते आणि १०३ न्यूटन-मीटर टॉर्क ४५०० फेऱ्यांवर. दगडांच्या चढावर इंजिन २००० फेऱ्यांच्या आसपास फिरत असते. तिथे समजा ते ८५ न्यूटन-मीटर देत असेल, तर ताकद होते जेमतेम २४ अश्वशक्ती. ६००० वरचे ८० चे ८४ झाले काय आणि न झाले काय, त्या चढाला त्याचे सोयरसुतक नसते. म्हणून विकणाऱ्याने सांगितलेला वाढीचा आकडा कोणत्या फेऱ्यांवरचा आहे, हे आधी विचारावे.

टायरचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. हौसेने बसवला जाणारा २३५/७५ आर १५ व्यासाने सुमारे ७३४ मिलिमीटर भरतो. व्यास १० टक्क्यांनी वाढला की जमिनीवर मिळणारी ओढ ९ टक्क्यांनी घटते. हेडर आणि सायलेन्सरने जे कमावले, त्याच्या दुप्पट एका टायर-खरेदीत जाऊ शकते. उलट, ट्रान्सफर केसचा लो रेंज हाय रेंजच्या दीडपटीहून जास्त ओढ देतो, आणि तो गाडीत आधीच आहे. मोठे टायर ठेवायचेच असतील, तर डिफरन्शियलचे गिअर बदलून ओढ परत आणणे हा एक्झॉस्टपेक्षा सरळ मार्ग आहे.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले. झिजलेल्या भागाच्या जागी तसाच भाग घालणे ही दुरुस्ती ठरते. इंजिन बदलणे किंवा टर्बो चढवणे यासाठी आरटीओची वाट धरावी लागते. हवा किंवा आवाजाच्या प्रदूषणाचे निकष मोडले, तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी कर्कश सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोड रोलर फिरवले आहेत. अपघात झाल्यावर विमा कंपनी नोंद नसलेल्या बदलाकडे बोट दाखवते, हेही लक्षात असू द्यावे. जंगलात आणि गावाकडच्या वाटांवर मोठ्या आवाजाची गाडी कुणालाच नको असते. शर्यतीसाठी तयार केलेली गाडी शर्यतीच्या मैदानातच चालवावी.

पैसे कुठे घालावे

जुन्या जिप्सीवर खर्च करायचा असेल तर क्रम असा ठेवावा. आधी थ्रॉटलची केबल, कम्प्रेशन, टॅपेट, टायमिंग आणि गळके सांधे. मग नवा कागदी फिल्टर, घट्ट बसणारा डबा आणि बॉनेटबाहेरून येणारी थंड हवा. त्यानंतर पाण्याच्या नळीची आणि प्रेशर गेजची मोजणी. मोजणीत एक्झॉस्ट अडलेला दिसला, तरच बेताच्या मापाचा पाइप, कमी आवाजाचा सायलेन्सर आणि चार-दोन-एक हेडर घ्यावा. आठ व्हॉल्व्हचे इंजिन असेल आणि एवढ्यानेही समाधान होत नसेल, तर पैसे साठवून, आरटीओची परवानगी घेऊन १६ व्हॉल्व्हच्या एमपीएफआय इंजिनाकडे जावे. कंपनीने जी २० अश्वशक्ती वाढवली, ती बाहेरून नळकांडी लावून मिळालेली नव्हती, आणि आपल्यालाही तशी मिळणार नाही.